जगदंबेची श्रमनिद्रा आणि दुखण्यातून उठलेली गृहिणी

आश्विन शुद्ध प्रतिपदेस घटस्थापना झाली, की आपल्या नगर जिल्ह्याचे, ज्याला आता अहिल्यानगर जिल्हा म्हणावयाचे त्याचे, रूपच पालटून जाते. पाथर्डी तालुक्यातील मोहटादेवीच्या गडावर रात्रंदिवस माणसांची रीघ लागते. केडगावची रेणुकामाता, राशीनची जगदंबा, कोल्हारची भगवती अशी जागृत स्थाने भक्तांनी फुलून जातात. घरोघरी देवघरात पत्रावळीवर काळी माती पसरून धान्य पेरले जाते, घट बसतो, अखंड नंदादीप तेवू लागतो आणि रोज एक माळ चढते. याच दिवसांत नगर शहरालगतच्या बुऱ्हाणनगरहून आई तुळजाभवानीची पालखी तुळजापूरच्या वाटेला लागते. तेथील भगत घराण्याकडे हा मान पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पुणे जिल्ह्यातील घोडेगावी सिद्ध होणारा देवीचा पलंगही आपल्याच जिल्ह्यातून पुढे जातो. वाटेवरच्या गावांतील आयाबाया ओटीचे ताट घेऊन उभ्या राहतात, पलंगाला हात लावून तो हात डोळ्यांना लावतात.

पालखी कशासाठी हे कोणासही सांगावे लागत नाही. परंतु देवीला पलंग कशासाठी, याचा विचार आपण क्वचितच करतो. यंदाच्या नवरात्रात तोच विचार वाचकांपुढे मांडावा, असे आम्हांस वाटले. आणि त्याचे कारण देवळापेक्षा आपल्या घरांत अधिक आहे.

पाच दिवसांचा विसावा

पुष्कळ देवस्थानांत गाभाऱ्यातील मूळ मूर्ती कधी जागची हलत नाही. तुळजापूरची भवानी मात्र सिंहासनावरून उतरते. विजयादशमीच्या सीमोल्लंघनासाठी मूर्ती साड्यांच्या घड्यांत लपेटून नगरहून आलेल्या पालखीत ठेवतात, मंदिराभोवती प्रदक्षिणा होते, आणि त्यानंतर तिला पलंगावर निजवितात. ही निद्रा कोजागिरी पौर्णिमेपर्यंत, म्हणजे सुमारे पाच दिवस चालते. तिला ‘श्रमनिद्रा’ असे नाव आहे. घटस्थापनेपूर्वीची घोरनिद्रा, दसऱ्यानंतरची श्रमनिद्रा आणि पौषातील शाकंभरी नवरात्रापूर्वीची मोहनिद्रा, अशा देवीच्या वर्षातून तीन निद्रा मानल्या आहेत. नऊ दिवस महिषासुराशी झुंजून जगन्माता दमली आहे, तिने आता विसावा घ्यावा, असा श्रमनिद्रेमागील भक्तांचा भाव.

या भावातील मर्म विलक्षण आहे. असुराचा वध झाला, दसरा उजाडला, सोने लुटले गेले. तरी देवी लगेच सिंहासनावर बसून भक्तांची गाऱ्हाणी ऐकू लागत नाही. विजयाच्या दिवशीच ती अंथरुणाला पाठ टेकते. तिला कोणी ‘आता शत्रू मेला, मग निजतेस का?’ असे विचारीत नाही. सिंहासनावरील नित्याचे अभिषेक थांबतात आणि सारा गाव तिच्या झोपेची मर्यादा राखतो.

आता आपल्या घराकडे पाहू. कर्करोगाचे उपचार पुरे करून एखादी माउली घरी परतते. शस्त्रक्रिया झालेली असते, रसायनोपचाराचे, म्हणजे ज्याला आपण ‘केमो’ म्हणतो त्याचे, सारे फेरे संपलेले असतात, किरणोपचारही उरकलेले असतात. डॉक्टर म्हणतात, ‘आता तपासणीस तीन महिन्यांनी या.’ घरात पेढे वाटले जातात. तोच नवरात्र येते. घट कोणी बसवावयाचा, नऊ दिवसांचा उपवास कोणी धरावयाचा, कुलधर्माचा स्वयंपाक कोणी रांधावयाचा, हे प्रश्न उभे राहतात. आणि गेली पंचवीस-तीस वर्षे जिने हे सारे केले तिच्याकडेच सर्वांचे डोळे वळतात. तीही पदर खोचून उभी राहते. ‘देवीनेच मला वाचविले, तिचेच कसे चुकवू?’ असे तिचे म्हणणे असते. त्या निष्ठेला आमचे वंदन आहे. परंतु त्या माउलीची श्रमनिद्रा अजून व्हावयाची आहे, हे घरातील इतरांनी ओळखले पाहिजे.

विजयानंतरचा थकवा

या दुखण्याचे उपचार कसे असतात, हे ठाऊक असले म्हणजे हा थकवा समजतो. रसायनोपचार बहुधा दोन किंवा तीन आठवड्यांच्या अंतराने, फेऱ्याफेऱ्यांनी दिले जातात. ही औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाला घालतात. कर्करोगाच्या पेशी तशाच असतात. परंतु केसांची मुळे, तोंडाचे व आतड्याचे अस्तर आणि हाडांतील रक्त घडविणारा मगज यांच्या पेशीही भरभर वाढणाऱ्याच. म्हणून केस गळतात, तोंड येते, अन्नाची चव जाते, मळमळ सुटते आणि रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात. किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस असे अनेक आठवडे घ्यावे लागतात. त्याने कातडी काळवंडते, आणि एक प्रकारचा शीण हाडामांसात मुरतो. रात्रभर झोप घेऊनही तो उतरत नाही. उपचार संपल्यावरही कित्येकांना तो महिनोन्‌महिने, काहींना वर्षभरही पुरतो.

केस पुन्हा उगवले, चेहऱ्यावर थोडे तेज आले, की घरच्यांना वाटते, दुखणे सरले. स्वयंपाकघरात कुकर चढवून ती भिंतीला टेकून का बसते, हे त्यांना उमगत नाही. तिलाही लाज वाटते. ज्या घरात सासूबाई ऐंशीव्या वर्षी अनवाणी गड चढल्या, त्या घरात आपण देवघरापुढे तासभर बसू शकत नाही, हा सल तिला आतून पोखरतो. पुरुष रुग्णांचेही याहून फारसे निराळे नसते. तोंडाच्या वा घशाच्या कर्करोगातून उठलेला घरधनी आरतीचा सूर लावू पाहतो आणि आवाज फुटत नाही म्हणून मागच्या ओटीवर जाऊन बसतो.

विश्रांती म्हणजे अंथरुणाला खिळून राहणे मात्र नव्हे. डॉक्टर आता असेच सांगतात, की झेपेल तेवढे रोज चालावे, अंगणात दोन फेऱ्या घालाव्यात, हळूहळू वाढवाव्यात. त्याने शीण कमी होतो. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढल्या असतील, तर सांगितलेला हाताचा व्यायाम न चुकता करावा आणि त्या हाताने भरलेली घागर वा जड पातेली एकदम उचलू नयेत, कारण हाताला सूज धरण्याचा संभव असतो. ताकद परत येते. तिला तिच्या गतीने येऊ द्यावे लागते.

दुखणे म्हणजे देवाचा कोप नव्हे

आमच्या समाजात अजून एक कुजबुज चालते. ‘कुलधर्मात काही चुकले असेल’, ‘देवीचा कोप झाला असेल’, असे कोणी तरी सहज बोलून जाते. रुग्णाच्या मनावर हा घाव शस्त्रक्रियेच्या घावाहून खोल जातो. अशा वेळी दोन थोर नावांचे स्मरण करावे. श्रीरामकृष्ण परमहंसांना १८८५ साली घशाचे दुखणे जडले. तो कर्करोगच होता आणि १८८६ च्या ऑगस्टमध्ये काशीपूरच्या उद्यानगृहात त्यांनी देह ठेवला. अहोरात्र कालीमातेच्या सान्निध्यात राहणाऱ्या त्या महापुरुषावर कोणत्या देवीचा कोप झाला होता? अरुणाचलाच्या रमण महर्षींच्या हातावर अशीच दुष्ट गाठ झाली, तिच्यावर वारंवार शस्त्रक्रिया झाल्या आणि १९५० साली ते निजधामास गेले. देह आहे तेथे व्याधी आहे. तिचा संबंध पुण्यसंचयाशी लावणे हा शास्त्राचाही अवमान आहे आणि माणुसकीचाही.

श्रीरामकृष्णांच्या आजारपणातील आणखी एक गोष्ट ध्यानी धरावी. डॉ. महेंद्रलाल सरकार यांच्यासारख्या नामांकित वैद्यकाचे औषध चालू होते, शिष्य आळीपाळीने जागत होते आणि श्रीशारदामाता त्यांना गिळता येईल असे अन्न स्वहस्ते शिजवीत होत्या. औषध, सेवा आणि नामस्मरण तेथे एकाच खोलीत नांदले.

आपल्या जिल्ह्यातील शिर्डीही हेच सांगते. श्रीसाईबाबांनी १५ ऑक्टोबर १९१८ रोजी, विजयादशमीच्याच दिवशी समाधी घेतली. म्हणून दसऱ्यास तेथे पुण्यतिथीचा मोठा उत्सव भरतो. समाधिमंदिरात भक्तांना उदी मिळते, आणि ती देणारे संस्थानच त्याच गावात मोठी रुग्णालये चालविते. उदी कपाळी लावून रुग्णालयाच्या पायऱ्या चढणे यात कोणताही विरोध नाही. विरोध उत्पन्न होतो तो उदीच्या भरवशावर उपचार अर्धे सोडण्यात. दोन केमोनंतर बरे वाटू लागले म्हणून तिसऱ्यास न जाणे, जडीबुटीच्या नादी लागून किरणोपचार टाळणे, यामुळे परतीची वाट बंद होते. खरी श्रद्धा रुग्णाला पुढच्या तारखेस पुन्हा त्या दारी नेऊन उभे करते.

उपवास कोणी धरावा?

नवरात्रातील सर्वांत नाजूक प्रश्न उपवासाचा. उपचारानंतरच्या शरीराला झीज भरून काढावयाची असते; त्याला प्रथिने हवीत, पुरेसे पाणी हवे, थोडे थोडे पण वारंवार अन्न हवे. नऊ दिवस साबुदाणा, रताळी व भगर यांवर काढल्यास पोट भरते, परंतु झीज भरत नाही. तोंड आलेले असताना तिखट शेंगदाण्याची आमटी घशाखाली उतरत नाही, आणि निर्जळी उपवासाने तर अंगातील पाणीच आटते.

यावर धर्मशास्त्र काय म्हणते? आठ गोष्टींनी व्रतभंग होत नाही, असे महाभारतापासून चालत आलेले वचन आहे. पाणी, कंदमुळे, फळे, दूध, हविष्यान्न, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध, या त्या आठ गोष्टी. औषधाची गोळी घेण्यासाठी दोन घास खावे लागले तर व्रत मोडले, अशी रुखरुख मनास लावून घेण्याचे कारण नाही. शिवाय अशक्ताच्या वतीने दुसऱ्याने व्रत चालविण्याची सोयही शास्त्रकारांनी करून ठेवली आहे. पती, पत्नी, पुत्र, भाऊ, पुरोहित, मित्र हे प्रतिनिधी होऊ शकतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी रचलेला ‘धर्मसिंधु’ हा ग्रंथ आपल्याकडे अशा निर्णयांसाठी प्रमाण मानतात. व्रताचे असे नियम त्यात एकत्र केलेले आहेत. शास्त्र इतके मायाळू असताना घराने निष्ठुर का व्हावे?

म्हणून आमची सूचना अशी, की यंदा ज्या घरी असे दुखणे झाले असेल तेथे उपवास पतीने किंवा मुलाने धरावा. पुरुषाने नऊ दिवस उपवास करून घटाला माळ घालावी आणि पत्नीला सकाळी मुगाचे वरण, मऊ भात, दूध, पनीर असे जे डॉक्टरांनी सांगितले असेल ते ताट वाढावे, यासारखी दुसरी देवीची पूजा नाही. तिच्या मनाची समजूत पटत नसेल, तर ‘उठता-बसता’ म्हणून फळे व दूध घेऊन एखादा दिवस पाळता येईल का, हे तिच्या डॉक्टरांनाच विचारावे. मधुमेह असल्यास वा उपचार चालू असल्यास तेही करू नये.

प्रसाद, गर्दी आणि ताप

उपचार अद्याप चालू असतील त्या घरी आणखी काही पथ्ये पाळावी लागतात. केमो दिल्यानंतर साधारणपणे सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. त्या काळात गडावरील रेटारेटीत, गरब्याच्या वा आरतीच्या दाटीत रुग्णाने जाऊ नये. न तापविलेल्या दुधाचे पंचामृत, उघड्यावर चिरून ठेवलेली फळे, अनेकांचे हात लागलेला प्रसाद हे कपाळाला लावावे आणि घरातील इतरांनी ग्रहण करावे. घरी शिजविलेला ताजा नैवेद्य तिला खुशाल द्यावा. सर्दी-खोकला असलेल्या पाहुण्याने ओसरीवरूनच विचारपूस करून परतावे; यात कोणाचा अपमान नाही.

ताप १००.४ अंश फॅरनहाइट म्हणजे ३८ अंश सेल्सिअसवर गेला, तर अष्टमीचा होम आहे की दसऱ्याचे पाटपूजन, हे न पाहता त्याच घटकेस रुग्णालय गाठावे. पांढऱ्या पेशी कमी असताना साधा वाटणारा ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो. रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक देवघराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावून ठेवावा.

पालखी सर्वांच्या खांद्यावर

पालखी एका खांद्यावर चालत नाही. भोई बदलत जातात म्हणूनच ती बुऱ्हाणनगरहून तुळजापुरास पोहोचते. कर्करोगाच्या घराचेही तसेच आहे. एकट्या लेकीने वा एकट्या पतीने सारा भार घेतला, तर दोन महिन्यांत तोही आजारी पडतो. थोरल्या सुनेने स्वयंपाक पाहावा, दिराने रुग्णालयाच्या खेपा वाटून घ्याव्यात, नंदादीपाच्या वातीकडे रात्री कोणी पाहावयाचे याच्या पाळ्या लावाव्यात, नातवंडांनी आजीजवळ बसून आरती म्हणावी. गावाकडच्या भावाने पैशाची जुळणी करावी. आणि ज्याला यांतले काहीच जमत नाही, त्याने निदान ‘अमक्याला असेच झाले होते, तो गेला’ ही गोष्ट त्या घरी सांगू नये.

पैसा आणि प्रवास ही मोठीच विवंचना असते. आपल्या भागातील कित्येक रुग्ण पुण्यास, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा मुंबईस टाटा रुग्णालयात जातात. टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेव्हापासून महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांच्या माणसांनी त्याची वाट तुडविली आहे. मुंबईत उतरावयाचे कोठे, या प्रश्नाला संत गाडगे महाराजांच्या नावाने दादरला उभ्या असलेल्या धर्मशाळेने हजारो कुटुंबांपुरते उत्तर दिले आहे. ज्या बाबांनी देवाला माणसांत पाहावयास शिकविले, त्यांच्या नावाला साजेसेच हे काम. रेल्वे रुग्णास व सोबत्यास भाड्यात सवलत देते, आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार समाविष्ट आहेत. शेत विकण्यापूर्वी या गोष्टींची चौकशी अवश्य करावी.

या वाटेने गेलेली माणसे परत येतात, हेही मनावर ठसले पाहिजे. श्री. शरद पवार यांना २००४ साली तोंडाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया व किरणोपचार सोसून ते त्यानंतर दोन दशके सार्वजनिक जीवनात वावरले. नट श्री. शरद पोंक्षे हे कर्करोगाच्या उपचारांसाठी रंगभूमीपासून काही काळ दूर राहिले आणि २०१९ मध्ये ‘हिमालयाची सावली’ या नाटकातून पुन्हा प्रेक्षकांपुढे उभे राहिले. सर्वांचे दुखणे सारखे नसते, सर्वांचा शेवटही सारखा नसतो. तरी कर्करोग म्हणजे मृत्यूचे आवतण, ही जुनी समजूत आता सोडावयास हवी.

देवीच्याच मुलखातील धडा

तुळजापूर ज्या धाराशिव जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील खेड्यांत १९९९ सालापासून एक मोठे काम झाले, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाचे डॉ. नेने व त्यांचे सहकारी यांनी देशोदेशीच्या तज्ज्ञांसह ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रियांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंबंधी अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. ज्या गटास या रोगास कारण होणाऱ्या विषाणूची चाचणी एकदाच देऊ केली होती, त्या गटात या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटल्याचे दिसून आले. भवानीच्या मुलखातील शेतकरी-मजूर भगिनींनी साऱ्या जगाला हा धडा दिला.

तेव्हा घरातील एक स्त्री दुखण्यातून उठली असेल, तर तिच्या जावांनी, नणंदांनी, सुनांनी या नवरात्रात स्वतःचीही तपासणी करून घेण्याचा संकल्प सोडावा. रोग लवकर सापडला, तर उपचार सौम्य होतात आणि पुढचा थकवाही उणा पडतो. मिसरीची डबी व तंबाखूची पुडी देवीपुढे ठेवून ती कायमची टाकावी. सीमोल्लंघन याहून निराळे कोणते?

दसऱ्यास आपट्याची पाने वाटली जातील. त्या दिवशी तुळजापुरी आई पलंगावर निजेल. आपल्या घरच्या माउलीलाही त्या दुपारी दार लोटून निजू द्यावे. पाहुण्यांचा चहा मुलांनी करावा. कोजागिरीस देवी जागी होईल, तेव्हा चांदण्यात आटविलेल्या दुधाचा पेला प्रथम तिच्या हाती द्यावा. देवीचा विसावा पाच दिवसांचा; मानवी देहाला कदाचित एक वर्ष लागेल, कदाचित अधिक. तोवर घटाची माळ कोणाच्या हातून चढली, हे जगदंबा मोजीत बसणार नाही. ती सर्व रुग्णांना बळ देवो, त्यांच्या घरच्यांना धीर देवो आणि पुढल्या नवरात्रात त्या साऱ्या माउलींना आपल्या पायांनी गडाची पायरी चढवो, हीच आमची तिच्या चरणी प्रार्थना.